'हरवलं' तेवढं म्हणायचं नाय!

रोज दुपारी चार माणसं बुद्धिबळाच्या पटाशी बसली की किस्से आपोआप साठतात. औरंगपुऱ्यातल्या आमच्या वाचनालयाच्या पडवीत मात्र जे साठलेत, ते सांगताना माझा आवाज अजून खाली येतो. आमच्याकडं जिंकल्यावर 'लोळवलं' म्हणा, 'धूळ चारली' म्हणा, 'मात केली' म्हणा. 'हरवलं' तेवढं म्हणायचं नाय!

*

सुरुवात पवारांनी केली. वैजापूरचा माणूस, तोंडाचा लई फटकळ. नरवडे सरांचा राजा अडकला तसे ओरडले, "सरांना हरवलं!"

सरांनी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेलं. म्हणाले, "पवार, जिंकलात तरी 'हरवलं' आणि सापडेना झालं तरी 'हरवलं'. जपून वापरा!"

घरी जाताना सरांना स्वतःचंच घर सापडेना. तासभर गल्ल्या पालथ्या घातल्या. शेवटी बायकोला फोन केला, "अगं, आपलं घर कुठंय?"

ती म्हणाली, "अहो, गॅलरीतून बघतेय मी! तासभर दारातच उभे आहात तुम्ही!"

*

पवार लई हसले. मग सरांनीही एक डाव मारला आणि मुद्दाम म्हणाले, "पवारांना हरवलं!"

दुसऱ्या दिवशी बघतो, तर भिंतीवरच्या ग्रुप फोटोत पवार बसले होते तिथं नुसती खुर्ची. बाकी सगळे जागच्या जागी!

"उन्हानं रंग उडाला असंल," मी म्हटलं.

पवार म्हणाले, "ताई, माझाच?"

त्या दिवशी ते खेळले नाहीत.

*

एक नवे गृहस्थ आले. मोबाइलवर खेळायचे. "कम्प्युटरला हरवलं!" म्हणाले आणि पाणी प्यायला उठले. परत आले तर मोबाइल गायब. अजून सापडला नाय. रिंग मात्र पडवीतच वाजते.

*

आणि शेख चाचा. पूर्वी हिमरू शाली विणायचे. आमचे हे गेल्यावर मला पटाशी त्यांनीच बसवलं. "घर में बैठके क्या करती बेटी? इथं बस." नऊ वर्षं मी त्यांच्याकडून हरले. एकदा तरी जिंकायचंच होतं मला.

मग चाचा विसरायला लागले. सून म्हणाली, "डॉक्टर बोले, हळूहळू सगळं जाईल." मला घाई झाली. मी जिंकलेलं चाचांना कळायला तर पाहिजे!

एका दुपारी माझ्या घोड्यानं शह दिला आणि त्यांच्या राजाला जागाच उरली नाय. मी उडीच मारली, "चाचा, हरवलं तुम्हाला!"

"शाब्बास बेटी!" चाचांनी टाळी दिली.

मी बोलून गेले आणि जीभ चावली. मोहरे डब्यात भरून मान वर केली, तर समोरची खुर्ची रिकामी. फाटकाशी सर उभे होते. त्यांच्यासमोरून कुणीच गेलं नव्हतं.

सगळा भाग धुंडाळला. सून रडत होती, मला तिच्याकडं बघवेना. संध्याकाळी वेरूळहून पोलिसांचा फोन आला. आम्ही धावतच गेलो. चाचा स्टँडच्या बाकावर शांत बसलेले. मी त्यांचे हात धरले.

"चाचा, असे कसे हो हरवलात?"

त्यांनी मला नीट पाहिलं. डोळ्यांत ओळख नव्हती.

"मी हरवलो नाय, बाई. मला हरवलंय."

"कुणी?" हवालदारानं विचारलं.

चाचांनी मान ताठ केली.

"माझ्या बेटीनं! आज पहिल्यांदा!"