हिंग घातलेली कणीक

मासा कशावर लागतो हे मला चांगलं ठाऊक होतं, आणि तरीही एका भल्या माणसाला मी मुद्दाम चुकीचं आमिष सांगितलं. लबाडीच केली.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी भडगावला नोकरीला होतो. रविवार उगवला की सायकलला गळाची काठी बांधून कालव्यावर. रोहूला कणकेत भाजलेली पेंड मळून लावायची, वाम आणि शिंगाळ्याला गांडूळ. मरळ मात्र शिकारी मासा. तिला हलतंचालतं काहीतरी हवं, म्हणून जिवंत बेडकी. लोक मला विचारायला येत आणि मी फुगून सांगत असे.

कालव्याचं पाणी बंद झालं की मोरीखाली एक डबकं उरायचं. त्या वर्षी त्यात हातभर लांबीची एक मरळ अडकली होती. पंधरा दिवस मी तिच्या मागे होतो.

अशात पिठाच्या गिरणीवाले नाना आले. त्यांची बहीण अक्का टायफॉइडमधून उठली होती, पण अंगात त्राण नव्हतं. मरळीच्या रश्श्यानं ताकद येते, असं कुणीतरी सांगितलेलं. बाजारात मरळ मिळेना. नानांनी जन्मात गळ धरला नव्हता.

"भाऊ, मरळ कशावर लागस?"

ते माझ्याच डबक्यावर बसणार, हे मला दिसत होतं. तोंडातून निघून गेलं, "कणकेवर. थोडा हिंग घाला."

"मंग सोपंच शे! पीठ बठ्ठं घरनंच शे!"

नाना गिरणी भावाच्या हवाली करून रोज सकाळी बसू लागले. बोटभर चिलापी तेवढ्या लागत. रविवारी ते दमून उठल्यावर मी बेडकी लावली. दुसऱ्याच फेकीला मरळ बाहेर!

ओल्या गोणपाटात गुंडाळून निघालो, तर पुलावर नाना भेटले. गोणपाट कॅरिअरवर हलत होतं. मी त्यावर हात दाबून धरला.

"हिंग कमी पडना व्हई, भाऊ," ते ओशाळून म्हणाले. माझ्या सांगण्यात खोट असेल, हे त्यांच्या मनातही आलं नाही. घरी आईनं रस्सा केला. मी दोन वाट्या प्यायलो, तिसरी उतरेना.

अक्का पुढे बऱ्या झाल्या, पण त्यांना हिंडूफिरू लागायला दिवाळी उजाडली. माझी धुळ्याला बदली झाली. मी सांगायचं टाळत राहिलो, वर्षानुवर्षं.

गेल्या वर्षी एकदाचा भडगावला गेलो. नाना आणि अक्का ओट्यावर शेंगा फोडत बसले होते.

"हात हालवतच उना का भाऊ?" अक्का हसल्या.

मी उभ्याउभ्याच बोललो. "अक्का, मरळ कणकेवर लागत नाही, हे मला तेव्हाच माहीत होतं. नानांना मी खोटं सांगितलं. तुमच्या वाट्याची मरळ मी खाल्ली. नाना, तुम्हीही मला माफ करा."