एक्क्यांची जोडी

बायको गेल्यापासून मला घरात बसवत नाही, म्हणून पुतणी सुमन मला गोव्याला तिच्या पोकरच्या स्पर्धेला घेऊन गेली. मी तिच्या मागे खुर्ची टाकून बसलो.

समोरचा गळ्यात सोन्याची साखळी घातलेला गडी पत्ते न बघताच पैजेच्या चकत्या पुढे ढकलायचा आणि बाकीचे घाबरून डाव सोडायचे. सुमन मात्र शांतपणे चांगल्या पत्त्यांची वाट बघत होती. मग तिला हातातल्या दोन पत्त्यांत एक्क्यांची जोडी आली. सुरुवातीला याहून भारी काही येत नाही म्हणे.

त्याने सगळ्या चकत्या सरकवल्या. "काय मॅडम, आज खेळणार की नुसतंच बसणार?"

"खेळते की, दादा." तिनेही सगळ्या सरकवल्या.

त्याच्याकडे दुर्री आणि सत्ती, म्हणजे निव्वळ कचरा. पण टेबलावर सगळ्यांसाठी उघडलेल्या पत्त्यांत आणखी एक दुर्री आणि एक सत्ती पडली. त्याच्या दोन जोड्या झाल्या, त्या तिच्या एका जोडीवर भारी पडल्या आणि सगळ्या चकत्या गमावून सुमन स्पर्धेतून बाहेर गेली.

मी शिवी हासडली. तिने उठून त्याच्याशी हात मिळवला. मला म्हणाली, "काका, परत हेच पत्ते आले तर परत असंच खेळीन."

बायकोच्या दुखण्यात मीही काही कमी केलं नव्हतं. तरी ती गेली, आणि माझं काय चुकलं हे मी अजून शोधत बसलोय. त्या पोरीने दाराबाहेर येऊन एवढंच विचारलं, "मासे कुठं खायचे?"