टाकीचा बूट

महानगर वस्तीतल्या तरणतलावावर स्कूबाच्या, पाण्याखाली श्वासाला हवा पुरवणाऱ्या, टाक्या सांभाळणारे ते गृहस्थ टाक्यांशीसुद्धा अदबीने बोलतात. “हुज़ूर, जूते उतारिए,” म्हणत प्रत्येक टाकीच्या बुडाचा रबरी बूट ओढून काढतात, आत साचलेलं पाणी ओततात, बूड फडक्याने कोरडं करतात आणि बूट उन्हात पालथे मांडतात. मी तिथे डायव्हिंग शिकते, पण हे बघायला उगाच लवकर जाते.

एका टाकीचा बूट मात्र ते कधीच काढत नसत. काल ते चहा आणायला गेले, तेव्हा मी तो ओढला. गंजाचे पापुद्रे माझ्या पायांवर पडले. नखाने खरवडलं तरी पोलाद सुटत होतं. यात एवढ्या दाबाची हवा भरतात?

“वो हमारी है, बिटिया,” मागून आवाज आला. “मालिक नई देते नहीं. बच्चों को कैसे दें? हम ही लेकर उतरते हैं.”

“और भरते वक़्त फटी तो? दीवार के उस पार बच्चे कपड़े बदलते हैं!”

त्यांनी एकदा भिंतीकडे पाहिलं. मग खाली बसून त्यांनी बूट पुन्हा नीट चढवला.

अन्यायावर मी पानंच्या पानं लिहिली आहेत. त्या क्षणी मी त्या भरलेल्या टाकीचा व्हॉल्व्ह फिरवला. हवा किंचाळत सुटली.

“पागल हो गई है क्या, लड़की!” त्यांची अदब पहिल्यांदाच सुटली.

टाकी रिकामी होईपर्यंत मी हात काढला नाही.