पल्लवीचा गेमिंग कॉम्प्युटर आणि आमच्या गावची लाईन

मैत्रिणींनो, आज लेकीसोबत वणीला जाऊन कॉम्प्युटरचे सुटे भाग घेऊन आले. अजून जीव थाऱ्यावर नाही, म्हणून लगेच लिहिते!

पल्लवी गेम खेळायचा कॉम्प्युटर स्वतः जोडणार आहे. यंदा कापसाला भाव नाही, म्हणून तिच्या शिकवणीच्या कमाईत बसेल तेवढंच घ्यायचं ठरलं होतं. तिनं गेम झकास दिसावा म्हणून महागडं ग्राफिक्स कार्ड निवडलं आणि वीज पुरवणारा डबा, म्हणजे पॉवर सप्लाय, सगळ्यात स्वस्त.

मी मॅट्रिक शिकलेली, पण विचारलंच, "वावरातल्या मोटारी सुरू झाल्या का आपला पंखा मंद होते. हा डबा टिकन का?"

"आई, हा मिक्सर नाही वं!"

"मिक्सर जळाला तवा पाट्यावर चटणी कोणं वाटली? तू?"

दुकानदार रफिकभाई हसले. "ताई बराबर बोलून राह्यल्या. लाईन कमीजास्त झाली तर हा डबा जळन अन् कार्डालेही घेऊन जाईन."

चांगला डबा घ्यायचा तर कार्ड लहान, स्वस्तातलं घ्यावं लागणार होतं. पोरीचं तोंड उतरलं. मी मनात देवीचं नाव घेतलं. पैसे तिचे, हौस तिची.

शेवटी तीच म्हणाली, "भाई, लहान कार्ड द्या. गेम जरा कमी झकास दिसन, पण चालन तरी."

बसमध्ये सगळे खोके मी मांडीवर घेतले. पल्लवी म्हणते, "जोडून झाला का पहिला गेम तूच खेळजो."

मी लगेच हो म्हटलं! आता सांगा, मला जमेल असा गेम कोणता?