तळवा

अल्लीपूरच्या शेवंतामावशी वॉर्डात आल्या, की शेजारच्या बाईला आधी तळवा दाखवायला सांगत. नाव-गाव मागाहून. घरची भाजीची वाडी. पिकाला अनवाणी पाणी देताना त्यांच्या तळव्यावर काळा डाग उठला. बाभळीचा काटा मोडला असेल म्हणून त्यांनी तो वर्षभर अंगावर काढला. निघाला त्वचेचा कॅन्सर. "तोंड सारेच पायतात, तळव्याले कोनी पायत नाई," त्या म्हणत.

डाग कापून काढला, पण रोग जांघेतल्या गाठींत पोचला होता. मग प्रयोगातली पेप्टाइडची लस सुरू झाली. ती टोचणारी नर्स मी. डॉक्टरांनी समजावलं, की रोगाच्या प्रथिनाचा बारीक तुकडा शरीराला दाखवायचा, म्हणजे शरीर रोगाला ओळखून त्याच्यावर धावून जाईल. मावशींनी मान डोलावली. "म्हंजे कुत्र्याले चोराचा जोडा हुंगायले देनं." पुढे नव्या पेशंटना लस त्याच समजावू लागल्या.

टोचल्या जागी लाली, थोडी सूज यावी म्हणून आम्ही डोळे लावून बसलो होतो. त्याने रोग बरा होतोच असं नाही, पण शरीराने दखल घेतल्याची ती खूण. मावशींचा दंड मात्र दर खेपेला कोरा. त्यात बाजाराचं निमित्त सांगून त्या उशिरा येत. शेवटी लस थांबवायचं बोलणं निघालं, तेव्हा त्यांची सून हळूच म्हणाली, की सासूबाई घरी निंबाचा पाला वाटून दंडाला बांधतात आणि सूज उतरल्यावरच निघतात.

मी रागावले. मावशी खाली मान घालून बसल्या.

"सुजला दंड पायला तं तुमी सुई बंद करसान, असं वाटलं. मले जगायचं हाय, पोरी."

माझा राग तिथेच विरला. ती सूजच आम्हाला हवी आहे, हे मी त्यांना समजावलं. पुढच्या खेपेला त्या लालबुंद दंड घेऊन वेळेवर आल्या आणि वॉर्डभर तो दाखवत फिरल्या. डॉक्टर त्या दिवशी मोकळं हसले.

तरी रोग फुप्फुसात गेलाच. शेवटी त्यांना धड बोलवत नव्हतं.

"कुत्रं भुकलं न, पोरी?"

भुकलं, मी म्हणाले.

"मंग त्याचा दोष नाई. चोर आंधीच घरात शिरला होता."

त्या गेल्यावर त्यांचं अंग पुसायचं काम माझ्याकडेच आलं. पाय पुसताना मला रडू आवरेना. सून पायथ्याशी अनवाणी उभी होती. वाडी आता तीच पाहणार होती. मी तिला स्टुलावर बसवलं आणि तिचे दोन्ही तळवे उजेडाकडे वळवून पाहिले.