मामींनी ठेवलेलं प्रस्थान

मामी फोनच्या पडद्यावर बोट टेकवून रस्ता पुढे पुढे सरकवायच्या, आणि थोडं गेलं की चष्मा कपाळावर ढकलून मला विचारायच्या, "बघ गे, कोणी दिसतंय का?"

कोणी म्हणजे कोणी दिसायचं नाही. नकाशातल्या फोटोत एक डांबरी रस्ता, दोन्ही बाजूंना द्राक्षवेलींच्या बुटक्या ओळी आणि डोळे दिपवणारं ऊन. पोर्तुगालच्या दक्षिणेतला अलेंतेजू नावाचा मुलूख. घरं इतकी लांब लांब की शेजारणीकडे विरजण मागायला जायचं तर गाडी काढावी लागेल. वेस्ट मांबलमच्या आमच्या इमारतीत, अगदी आमच्या समोरच्या घरात राहून मामी त्या मुलखात जायची तयारी करत होत्या.

मामी नात्यातल्या नाहीत, इकडे वडीलधाऱ्या बाईला मामीच म्हणतात; त्या तंजावरच्या मराठी. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथल्या तमिळ मुलखातलं. त्यांची मराठी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला हसू फुटलं होतं. माझी ऐकून त्यांनाही फुटलं, मग फिट्टंफाट झाली. मी नाशिककडची, नवऱ्याच्या रेल्वेतल्या नोकरीपायी इथे आलेली.

त्यांचा एकुलता एक मुलगा त्या अलेंतेजूत वाइनच्या कारखान्यात रसायनतज्ज्ञ होता. घर असं सोवळं की चातुर्मासात कांद्याचं नाव काढायची सोय नाही. मग नातेवाइकांना सांगायचं काय? मामी बेधडक सांगायच्या, "द्राक्षासव करतो." एका आत्याबाईंनी खोकल्यासाठी दोन बाटल्या मागवल्या, तेव्हाही मामींचा चेहरा ढिम्म हलला नाही.

ज्या वर्षी विमानं बंद होती, त्या वर्षी त्याच रस्त्याच्या एका वळणावर त्याची गाडी उलटली. तो बराच वेळ जिवंत होता म्हणे. पण त्या वाटेनं कितीतरी वेळ कोणी आलंच नाही. पुढचं सगळं मामींनी फोनवर पाहिलं, अग्नीसुद्धा.

तेव्हापासून त्या रस्त्यावर माणूस शोधत होत्या. तुम्हीही पाहिली असतील अशी माणसं, गेलेल्याचे कपडे, नाहीतर चपला जपणारी. मामींनी काही जपलं नव्हतं. त्यांना फक्त तिथे कोणीतरी दिसायला हवं होतं.

मी द्राक्षांच्या गावची, म्हणून प्रश्न मलाच. बागेत माणसं असतात ना? मी सांगायचे, असतात की. छाटणीला बायकांच्या टोळ्या येतात, किटलीभर चहा होतो, एकमेकींच्या सुनांची उणीदुणी निघतात. मामींचा जीव तेवढ्यापुरता खाली पडायचा. तिकडे तोडणीसुद्धा यंत्रं करतात हे मला ठाऊक होतं. कशाला सांगू?

तयारी मात्र जोरात. कुठली बस, कुठल्या फाट्यावर उतरायचं, तिथून चालत किती, चिंचेच्या भाताचा, म्हणजे पुळिहोऱ्याचा, मसाला विमानात चालेल का. एकदा मी विचारलंच, की मामी, तिथे पोचून तुम्ही करणार काय?

"बसणार," मामी म्हणाल्या. "त्याच्याजवळ कोणी तरी बसायला हवं होतं की गे."

मी भात बघायला आत गेले.

व्हिसाचा अर्ज दिला आणि उत्तर यायच्या आत मार्गळी महिना, म्हणजे आपला धनुर्मास, तोंडावर आला. त्या महिन्यात शुभ काम नाही. पंचांगात आधीचा एक चांगला दिवस होता, पण निघायचं कसं? मामींनी जुनी वाट काढली. त्या दिवशी मुहूर्तावर त्यांनी आमच्याकडे प्रस्थान ठेवलं. कापडी पिशवीत नवी साडी, मूठभर तांदूळ, हळकुंड, सुपारी. मुहूर्तावर आपलं गाठोडं दुसऱ्याच्या घरी ठेवलं की आपण निघालो, असं धरतात. मग ते गाठोडं परत घरात न्यायचं नाही, जाताना तिथूनच उचलायचं. माझी आजी हे करायची. मला इतका आनंद झाला की त्या सवाष्ण नाहीत हेही न बघता मी मामींची ओटी भरली. व्हिसा हातात नसताना प्रस्थान ठेवू नये, हे आम्हा दोघींच्याही डोक्यात आलं नाही.

व्हिसा नाकारला. कारण छापील होतं: अर्जदार परत येईल याची खात्री वाटत नाही. मी त्या लोकांना शिव्या घालायला तोंड उघडलं, तर मामी शांतपणे म्हणाल्या, "बरोबर ओळखलं की त्यांनी."

मी तो कागद त्यांच्या हातून काढून घेतला.

पुन्हा अर्ज करू म्हटलं तर त्या नुसत्या मान हलवायच्या. पिशवी न्या म्हटलं तर म्हणायच्या, मी निघाले आहे, आता ती घरात कशी नेऊ? आणि खरंच निघाल्यासारख्या वागू लागल्या. दारात कोलमची रांगोळी घालणं थांबवलं. दूध बंद केलं. स्वतःच्याच घरात खुर्चीच्या कडेला बसायच्या, गाडीची वाट बघणारं माणूस बसतं तशा. जेवायला मी हाताला धरून आमच्याकडे आणायचे. त्या दोन घास खायच्या, दाराजवळच्या पिशवीकडे बघायच्या आणि परत जायच्या. फोनवर रस्ता बघणंही सुटलं. मी एकदा आपणहून नकाशा उघडून दिला, तर म्हणाल्या, आता कशाला, जायचंच आहे.

उन्हाळ्याच्या तोंडावर एका सकाळी त्या खुर्चीतच गेल्या. पायांत चपला होत्या.

शहराबाहेर गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात असणारा मामींचा भाचा आला. दिवस झाले, घर आवरलं. मामींचं काही आहे का तुमच्याकडे, म्हणून त्यानं विचारलं. मी म्हटलं, आहे, पण ते त्या घरात परत जात नाही. त्याला मराठी जेमतेम, माझं तमिळ तोडकं. तुम्हीच ठेवा म्हणाला आणि कुलूप लावून गेला.

अजून कधी कधी संध्याकाळी लिफ्ट आमच्या मजल्यावर येऊन थांबते, दार उघडतं आणि बाहेर कोणी येत नाही. नवरा म्हणतो, बटण बिघडलंय. बिघडलं असेल. मी उठते, आमचं दार सताड उघडते, आणि पिशवी हाताला लागेल अशी उंबऱ्याशी सरकवून ठेवते.