मनूची शाळा मी सोडवली

वाडीत राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखं बाहेर पडलेल्यांनो, बायकोलाही सांगितलं नाही ते आज लिहितोय. आपल्या उमरठकडच्या शाळेने माझ्या लेकीला, मनूला काढलं नव्हतं. मी काढलं. घरी मात्र सांगितलं, शाळेतल्या बाई तिला नको म्हणाल्या.

कल्याणला निघालो त्या दिवशी पोलादपूर स्टँडवर आई सोडायला आली होती. गाडी लागली तेवढ्यात शाळेतल्या बाईही आल्या. मनू आईचा हात सोडून सरळ त्यांच्याकडे गेली आणि त्यांच्या पदराचं टोक बोटांत धरून उभी राहिली. आई फणकारली, "आता कशाला पुळका? पोरीला हाकललीत ना? तुमचं तोंड बघायची नाय मी."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी बॅगेची चेन ओढत राहिलो. मग त्या मनूला एवढंच म्हणाल्या, "जा गो, बाबा थांबलेत."

मनूला ऑटिझम आहे. बोलते अगदी मोजकं. आवाज सोसत नाही, म्हणून बाई तिला दाराशी बसवत आणि घंटेआधी अंगणात नेत. पोरंही शिकली होती. "हात नको लावू रे तिला, आधी हाक मार," असं एकमेकांना दटावत.

मग वाडीच्या मुंबई मंडळाचा, शाळेतल्या पोरांच्या गुणगौरवाचा कार्यक्रम आला. बाईंनी आदल्या दिवशी बजावलं होतं, स्पीकर असणार, मनूला आणू नका. पण सगळ्यांच्या पोरी स्टेजवर आणि माझी घरात? नवा फ्रॉक घालून मी तिला नेलीच. माईक किंचाळला. मनू कान दाबून स्टेजवरच लोळली, फ्रॉक ओला झाला. मंडळातला एक जण हसत म्हणाला, "भाऊ, हिला इकडं काय ठेवलीय? मुंबईला स्पेशल स्कूल हाय, टाका की. इथं काय फ्युचर?"

तो चुकीचं बोलला असं नाही. पण मी शाळा शोधायला निघालो ते मनूसाठी नव्हे. मला त्या मांडवातल्या नजरांपासून लांब जायचं होतं.

कल्याणची शाळा चांगली आहे. थेरपिस्ट आहेत, चित्रांची कार्डं आहेत. मनू आता स्वतः बटणं लावते, तहान लागली की कार्ड दाखवते. वाडीत हे झालं नसतं, असं मी बायकोला सांगतो, आणि ते कदाचित खरंही असेल. पण शाळा सुटली की फ्लॅटचं दार बंद. लिफ्टमध्ये मुलं तिच्यापासून सरकून उभी राहतात. तिला हाक मारणारे आम्ही दोघंच.

पूर्वी परसातली पहिली काकडी आई बाईंना नेऊन द्यायची. आता सुट्टीत गेलो की ती मनूला घेऊन शाळेवरून जात नाही, बांधावरून वळसा घालते. घर म्हटलं की मला हल्ली तो वळसाच दिसतो. बाई अजून तिथेच शिकवतात. इतक्या वर्षांत त्यांनी आईला एका शब्दाने खुलासा केलेला नाही.

तो मी करायचा आहे, आईसमोर, बाईंच्या देखत. अजून केलेला नाही.